चारही कान पिळलेले: एन्टूम्डच्या 'लेफ्ट हँड पाथ'मध्ये ऐकायचं काय?

डोंबिवलीत माझ्या एका मित्राकडे एक काळी डबी आहे. साबणाच्या दोन वड्या शेजारीशेजारी ठेवल्या तर होईल एवढी. वर नारिंगी अक्षरं, चार नॉब आणि खाली पायाने दाबायची पट्टी. इलेक्ट्रिक गिटारची वायर एका बाजूने डबीत शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघून अँप्लिफायरला जाते. मागच्या दिवाळीच्या बोनसमधून त्याने ती घेतली. मला दाखवायला बोलावलं तेव्हा मी आधी विचारलं, "एवढ्या पैशांत अजून एक गिटार नसती आली?"

त्याने उत्तर दिलं नाही. चारही नॉब घड्याळातल्या बाराच्या जागी आणले आणि सगळ्यात जाड तार छेडली. खरखरीत, पण ओळखीचा रॉक गिटारचा आवाज. मग तो एकेक नॉब उजवीकडे पिळत गेला, अडेपर्यंत. पहिला डिस्टॉर्शनचा: सूर फाटला. दुसरा खालच्या स्वरांचा: टेबलावरचा स्टीलचा पेला थरथरला. तिसरा वरच्या स्वरांचा, आणि तो पिळल्यावर गिटार नाहीशीच झाली. तिच्या जागी कुणीतरी वखारीत ओंडका कापायला घेतला होता. चौथा नॉब नुसता आवाज वाढवायचा होता, तोही त्याने सोडला नाही.

"हे घे," तो म्हणाला. "स्टॉकहोम, १९८९."

त्या वर्षीच्या डिसेंबरात स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत एन्टूम्ड नावाच्या बँडने आपला पहिला अल्बम रेकॉर्ड केला. जून १९९०मध्ये नॉटिंगहॅमच्या इयरएक रेकॉर्ड्सने तो बाजारात आणला. नाव 'लेफ्ट हँड पाथ'. वाजवणारी मुलं सतरा-अठरा वर्षांची. डेथ मेटल या प्रकारातल्या सुरुवातीच्या थोर अल्बमांमध्ये त्याचं नाव हमखास घेतलं जातं. पण ज्याने हे संगीत कधी ऐकलेलं नाही, त्याला पहिल्या मिनिटात एकच प्रश्न पडतो: यात ऐकायचं काय? प्रश्न रास्त आहे. मलाही पडला होता, आणि उत्तर सापडायला मला काही महिने लागले.

आधी डेथ मेटल म्हणजे काय ते उरकून घेऊ. ऐंशीच्या दशकात हेवी मेटलमधून थ्रॅश निघाला, वेगवान आणि रागीट. तो वेग आणखी वाढवायचा, तारा आणखी ढिल्या करून सूर खाली उतरवायचा, गाण्याऐवजी घशातून गुरगुरायचं आणि शब्दांत मरण, प्रेतं, सडणं असले विषय घ्यायचे. हे जमलं की झालं डेथ मेटल. कॅलिफोर्नियाच्या पझेस्ड बँडचा १९८५चा अल्बम आणि फ्लोरिडाच्या डेथ बँडचा १९८७चा अल्बम हे त्याचे मूळपुरुष. फ्लोरिडावाल्यांनी पुढे टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत या संगीताला इस्त्री केली. प्रत्येक ठोका सुटा, प्रत्येक सूर नेमका. स्टॉकहोमची पोरं उलट्या दिशेला निघाली. त्यांना चुरगळलेलंच हवं होतं.

आता डबीकडे. तिचं नाव एचएम-२, बनवणारी कंपनी जपानची बॉस. १९८३मध्ये ती बाजारात आली ती त्या काळच्या हेवी मेटल गिटारवाद्यांसाठी, म्हणजे मोठ्या अँप्लिफायरचा जाडजूड आवाज लहान डबीतून मिळावा म्हणून. व्यावसायिक वादकांना ती फारशी आवडली नाही, आणि १९९१मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण मध्यंतरी निहिलिस्ट नावाच्या स्टॉकहोमच्या एका बँडमधल्या लेफ कझ्नर या मुलाने तिचे चारही कान पूर्ण पिळले. तंबोऱ्याचे कान पिळतात ते सूर नेमका लागावा म्हणून. याने पिळले ते मर्यादा कुठे संपते ते बघायला. या आवाजाचं श्रेय आज बहुतेक जण त्यालाच देतात. गंमत अशी की अल्बम होण्याआधीच तो बँड सोडून कॅनडाला गेला होता. त्याने शोधलेला आवाज मागे राहिलेल्यांनी वापरला.

चारही नॉब पूर्ण पिळल्यावर आत काय होतं, ते समजलं की अर्धा अल्बम समजतो.

तारेतून येणारा विजेचा संदेश ही एक लाट असते. डिस्टॉर्शन म्हणजे त्या लाटेचं डोकं आणि पाय छाटणं. डोंगर कापून पठार करावं तसं. छाटलेल्या लाटेत मूळ सुराच्या वरचे कितीतरी उपस्वर जन्माला येतात, जे तारेने एवढ्या जोरात वाजवलेलेच नसतात. हे आपल्याला अगदी परकं नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात ती कशासाठी? तार घोडीला निसटती घासावी, आणि एका सुरातून अनेक उपस्वरांची झणझण उठावी म्हणूनच. मार्ग वेगळा, भूक तीच: एका तारेतून एका सुराहून जास्त काही मिळावं.

दुसरी गोष्ट, छाटलेल्या लाटेत लहानमोठं उरत नाही. हळू छेडलं काय, जोरात छेडलं काय, पठाराची उंची तेवढीच. म्हणून सूर विरत नाही, भिंतीसारखा उभा राहतो. त्यात या डबीचा वरच्या स्वरांचा नॉब हजार हर्ट्झच्या आसपासचा पट्टा अवाच्या सवा फुगवतो. माणसाचा कान त्या भागात चांगलाच तिखट असतो. वखारीतल्या करवतीचा भास तिथून येतो.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग. या संगीतात गिटारवर बहुतेक वेळ दोनच स्वर जोडीने वाजतात: षड्ज आणि पंचम. रॉकवाले त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. सा आणि प यांच्या कंपनांचं गुणोत्तर दोनास तीन. असे दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या फरकाएवढा, म्हणजे 'एक'चा, एक तिसराच सूर तयार होतो. दोनचा सा, तर एकचा कोण? खर्जातला सा. बरोबर एक सप्तक खाली. कुणी न वाजवलेला खर्ज आपोआप खाली येऊन बसतो. स्टीलचा पेला थरथरला तो त्याच्यामुळेही. मित्राला मी म्हटलं, यात गंधार घालून बघ. त्याने घातला. चिखल झाला. गिटारवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो, आणि एरवी कानाआड होणारी ती तफावत या डबीत भांडण होऊन बाहेर येते. तेव्हा हे लोक सा-प धरून बसतात तो आळस नाही. डबी त्यांना दुसरं काही करूच देत नाही.

चाली मात्र त्या सा-पच्या जोडीला उचलून हिंडवण्यातून होतात. कोमल रिषभाला टेकून परत यायचं, मध्येच तीव्र मध्यमावर उडी मारायची, तिथे न थांबता घसरत खाली. कानाला घर सापडू द्यायचं नाही. कधी एकाच तारेवर वरखाली अतिद्रुत प्रहार, सतारीच्या 'दिर दिर दिर दिर'सारखे, आणि त्या गर्दीतून एक साधी, जवळजवळ लोकगीतासारखी चाल सरकत राहते. मला लागलेले काही महिने या चाली ऐकू यायला लागले. आधी फक्त करवत ऐकू येत होती. एकदा चाल ऐकू आली की मग करवत मागे जाते, आणि थोड्या दिवसांनी करवतीशिवाय ती चाल पोरकी वाटायला लागते.

बँडची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती वयाला साजेशी आहे. मूळ बँड निहिलिस्ट. १९८८-८९मध्ये त्यांनी तीन डेमो, म्हणजे नमुन्याच्या, कॅसेटी काढल्या. १९८९मध्ये निहिलिस्ट फुटला, आणि थोड्याच दिवसांत तीच मंडळी एन्टूम्ड या नावाने पुन्हा उभी राहिली, फक्त बासवादक यॉनी हेडलुंड वगळून. तोंडावर 'तू नको' म्हणायला जीभ रेटेना, म्हणून बँडच मोडल्याचं जाहीर केलं, असं सांगतात. क्रिकेटची टीम मोडून दुसऱ्या दिवशी शेजारच्या मैदानावर जमायचं, आपल्याकडेही केलंय की आपण. हेडलुंडने पुढे अनलीश्ड हा स्वतःचा बँड काढला आणि तोही नावाजला, त्यामुळे फार वाईट वाटून घ्यायला नको. एन्टूम्डमध्ये उरले ड्रमवर निके अँडरसन, गिटारवर उफे सेडरलुंड आणि अलेक्स हेलिड, गळा एल-जी पेट्रोव्हचा. बासवादक नव्हताच, तेव्हा ते काम निके आणि उफेने वाटून घेतलं.

सतरा वर्षांच्या मुलांना हे सगळं परवडलं कसं? स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा होत्या, तरुणांसाठीची केंद्रं होती, आणि प्रौढशिक्षणाच्या संस्थांकडे बँडची नोंद 'अभ्यासमंडळ' म्हणून केली की सरावाच्या जागेला मदत मिळायची. सरकारी अनुदानातून प्रेतं सडण्याचा अभ्यास! तिथल्या करदात्यांना हे कितपत ठाऊक होतं कोण जाणे. बाकीचं काम टपालाने केलं. जगभरची मुलं एकमेकांना डेमो कॅसेटी पाठवत. तिकिटांवर गोंदाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे पलीकडचा शिक्का धुऊन तेच तिकीट परत वापरेल. स्टॉकहोमच्या उपनगरातल्या पोरांचं नाव इंग्लंडमधल्या कंपनीपर्यंत पोचलं ते असल्या लिफाफ्यांच्या जोरावर.

ड्रम नीट ऐका. डेथ मेटल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मशीनगनसारखा अखंड मारा येतो, ज्याला ब्लास्ट बीट म्हणतात. निके अँडरसन तो जपून वापरतो. त्याचा जीव पंकमध्ये, म्हणजे रॉकच्या साध्या, रांगड्या, बंडखोर प्रकारात. इंग्लंडच्या डिस्चार्ज या पंक बँडने एक ठेका रूढ केला होता, बँडच्या नावावरूनच त्याला डी-बीट म्हणतात, आणि स्वीडनच्या हार्डकोर पंकवाल्यांनी तो अक्षरशः पाळला-पोसला. तोंडाने म्हणून बघा: धम्, ता-धम्, धम्-ता, धम्, ता-धम्, धम्-ता. भरधाव, पण लंगडत धावणारा. सरळ माऱ्याने माणूस बधिर होतो, या ठेक्याने मान हलते. इतका काळोखा अल्बम असून त्याच्यात एक उनाड, रस्त्यावरचा उत्साह आहे, तो या ठेक्यातून आलेला. माझ्या मते या अल्बमच्या टिकण्याचं श्रेय डबीला जेवढं मिळतं त्यातलं थोडं काढून ड्रमला द्यायला हवं.

गळ्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो, की हे नुसतं ओरडणं आहे. आपले खरे स्वरतंतू असतात, आणि त्यांच्या किंचित वर आणखी दोन घड्या असतात ज्या बोलताना बाजूला राहतात. ग्रोलिंगमध्ये, म्हणजे या गुरगुरण्यात, बहुतेकदा त्या घड्या कंप पावतात. तिबेटी लामांच्या खोल मंत्रपठणात आणि सायबेरियातल्या तुवाच्या कंठगायनातही त्यांचा वापर होतो. चुकीच्या तंत्राने केलं तर घसा बसतो. नीट करणारे पंचवीस-तीस वर्षं करतात. पेट्रोव्हचा आवाज मात्र पाताळातल्या राक्षसाचा नाही. तो खरवडलेला, चिडलेला, माणसाचाच आवाज आहे. अल्बमच्या सुरुवातीला त्याची एक लांब किंकाळी आहे, ती ऐकली की कळतं. ग्रोलिंगमध्ये स्वर जवळजवळ नसतो, म्हणून चाल गळ्याकडे नसतेच. चाल गिटारकडे, आणि गळा तालवाद्यासारखा. नवा श्रोता इथे फसतो: तो सवयीने गायकाच्या मागे जातो आणि हाती काही लागत नाही. गायकाला सोडा, गिटारचं बोट धरा.

शब्दांवर मी फार वेळ घालवणार नाही. सतरा वर्षांच्या मुलांनी व्हिडिओवर भयपट बघून लिहिलेला बीभत्स रस आहे तो. पण अल्बमचं नाव आपल्याला सोडून चालणार नाही. लेफ्ट हँड पाथ म्हणजे सरळ सरळ वाममार्ग! आपण म्हणतो ना, 'वाममार्गाने पैसा कमावला', 'पोरगं वाममार्गाला लागलं', तोच. शाक्त तंत्रातला वामाचार, मद्य-मांसादी पंचमकारांची उपासना. पाश्चात्त्य गूढविद्येत हा शब्दप्रयोग रुजवण्यात थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांचा मोठा हात होता. या रशियन बाई १८७९मध्ये मुंबईत उतरल्या, आधी गिरगावात आणि मग ब्रीच कँडीला राहिल्या, आणि १८८२च्या शेवटी मद्रासजवळ अड्यारला गेल्या. त्यांच्या लेखी डावा मार्ग म्हणजे काळी जादू, निषिद्ध. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या सैतानवाद्यांनी तो शिक्का अभिमानाने मिरवायला घेतला: कुठल्या देवाचं न ऐकता स्वतःच स्वतःचा मालक व्हायचं. आणि तिथून तो स्टॉकहोमच्या पोरांपर्यंत गेला. म्हणजे आपल्याकडचा एक शब्द रशियन बाईच्या सामानातून अमेरिकेमार्गे स्वीडनला जाऊन करवतीच्या आवाजात परत आला. शीर्षकगीतात देव नाकारणाऱ्या त्या मुलांना याचा पत्ता असेल असं मला वाटत नाही.

हे शीर्षकगीत अल्बममधलं पहिलंच. साडेसहा मिनिटांहून जरा लांब. पहिली तीनचार मिनिटं वर सांगितलं ते सगळं: किंकाळी, लंगडता ठेका, सा-पची भिंत. मग गाडी हळूहळू थांबते. ड्रम जड, संथ होतात, आणि एक करुण चाल सुरू होते, जी गाणं संपेपर्यंत पाठ सोडत नाही. ही चाल त्यांची नाही. 'फँटॅझम' या १९७९च्या अमेरिकी भयपटातली शीर्षकधून आहे ती. चोरी म्हणा, मानवंदना म्हणा. पण जागा अशी निवडली आहे की मूळ सिनेमा न पाहिलेल्या माणसाच्याही अंगावर काटा येतो. चार मिनिटं कान खरवडून निघालेले असतात, आणि खरवडलेल्या जागी ही चाल पडते. शांत गाण्यात ती तुम्हाला नुसती छान वाटली असती.

स्टुडिओचा मालक टोमास स्कोग्सबर्ग याचं नाव इथे घ्यायला हवं. दुसऱ्या कुणी ध्वनिमुद्रकाने ती डबी पाहून 'अरे, जरा कमी कर' म्हटलं असतं. त्याने नाही म्हटलं. मग डिसमेंबर, कार्नेज, ग्रेव्ह हे स्वीडनचे बँड सगळे त्याच्याच स्टुडिओत रांग लावून उभे राहिले आणि 'सनलाइटचा आवाज' हा शब्दच रूढ झाला. मुखपृष्ठ इंग्लंडच्या डॅन सीग्रेव्हचं, तोही तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर. हे चित्र मोबाईलच्या पडद्यावर बघण्यात अर्थ नाही, मोठं करून बघा.

अल्बम निर्दोष आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या अर्ध्यात दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळून जातात, कुठलं संपलं नि कुठलं सुरू झालं कळत नाही. बास गिटार शोधावी लागते. भिंत अखंड उभी असल्यामुळे चाळीस मिनिटांनी कान थकतात, आणि तो थकवा खरा आहे. एका बैठकीत ऐकायचा हट्ट नको. पहिली दोन गाणी, मग 'बट लाइफ गोज ऑन', मग दुसऱ्या दिवशी बाकीची. मोबाईलच्या स्पीकरवर तर नकोच, त्यातून खर्ज येतच नाही आणि नुसती करवत उरते.

पुढे काय झालं? १९९३पर्यंत एन्टूम्डने स्वतःच वेग कमी करून रॉक अँड रोलकडे वळण घेतलं. नंतर नावावरून फाटाफूट झाली, पेट्रोव्हने वेगळा बँड चालवला, आणि मार्च २०२१मध्ये कर्करोगाने तो गेला, पन्नाशीही न गाठता. काळी डबी मात्र बंद पडल्यावर हळूहळू दुर्मीळ होत गेली, भाव चढला, जगभर तिच्या नकला निघाल्या, आणि २०२०मध्ये बॉसने नाक मुठीत धरून तिची नवी आवृत्ती काढली. मित्राकडे आहे ती हीच.

त्या दिवशी डोंबिवलीत डबी दाखवून झाल्यावर त्याने अल्बम लावला, मोठ्या स्पीकरवर. दार उघडंच होतं. शीर्षकगीताच्या मध्यावर शेजारच्या काकू दारात आल्या. त्यांच्या सोसायटीत दोन ते चार ड्रिलिंगला बंदी आहे, आणि घड्याळात अडीच वाजले होते. त्या बोलणार एवढ्यात ते संथ वळण आलं आणि चाल सुरू झाली. काकू दाराच्या चौकटीला हात टेकून मिनिटभर उभ्या राहिल्या.

"हे बरंय की रे," त्या म्हणाल्या. "हे राहू दे. फक्त मागचं ते ड्रिल बंद कर."

मित्र कसनुसा हसला. "काकू, ते वेगळं होत नाही हो."

"का नाही होत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डबीकडे.